दोन पडला होता

अहो, दोन पडला होता. सहा नव्हे.

तीन आठवडे हे घशाशी घेऊन हिंडतेय. तुमच्या फोटोपुढं उदबत्ती लावताना सांगायचं म्हणून तोंड उघडायचं, तेवढ्यात दारात कोणतरी यायचं, की मग पदर तोंडाला लावायचा. आज दार लावून घेतलंय. गिऱ्हाइकांना सांगितलंय, मशीन बिघडलंय. तेव्हा निवांत ऐका, मधे बोलू नका. तशी ती सवय तुम्हाला नव्हतीच म्हणा. बोलायची मी, आणि तुम्ही चौकटीच्या कागदावर रेघ मारत नुसतं 'हं' करायचा.

आपल्या तेजूला हे तुमच्याआधी कळलं. क्रम चुकला, कबूल. ते कसं झालं तेही सांगते, पण सुरुवातीपासनं सांगू द्या, नाहीतर माझा धीर सुटेल.

तीस वर्षं फौंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून तुम्ही लोखंडाच्या भागांची चित्रं काढलीत. रिटायर झालात आणि दुसऱ्याच महिन्यात मोबाईलवर कुठलातरी खेळ शोधून काढलात. पेटी नाही, सोंगट्या नाहीत, समोर गडी नाही. फाईल उतरवायची, राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडनं तीन पानं छापून आणायची, आणि तेजूच्या लहानपणच्या सापशिडीतला फासा घेऊन बसायचं एकट्यानं. फासा टाकायचा, जो आकडा पडेल तो तक्त्यात बघायचा. मग कळणार, पुढं बोळ आहे का खोली, दारं किती, आत कोण दबा धरून बसलंय. कळलं की ते कागदावर काढायचं. मी विचारलं होतं, "पण भुयार आधीच काढलेलं कुठं असतंय?" तुम्ही म्हणालात, "नसतंच. टाकंल तसं उघडतंय." तुमच्या कोडोलीत प्रत्येक पोराला ठाऊक असतं की देवळामागनं थेट पन्हाळ्याला भुयार जातं, आणि बघितलेलं मात्र कुणी नसतं. ते राहून गेलेलं भुयार तुम्ही साठीला आल्यावर शोधायला काढलंत.

मी सगळ्यांना सांगत सुटले. लोकांची माणसं रिटायर झाली की रंकाळ्यावर फिराय जातात, आमचं माणूस भुयारात जातं.

भुयारात उतरणाऱ्या गड्याचं नाव तुम्ही म्हादबा ठेवलंत. म्हादबा पहिला दुसऱ्या खोलीतच मेला. म्हादबा नववा विहिरीत पडला. सतरावा उंदरांनी खाल्ला, त्या दिवशी जेवताना तुम्ही इतके गप्प होता की मला वाटलं कोडोलीचं कोण गेलं का काय. विचारलं तर म्हणे, "म्हादबा गेला." मी कपाळावर हात मारून घेतला.

"मग पुन्हा टाका की ओ फासा. कोण बघाय आलंय?"

"मी हाय की इथं."

"म्हंजे स्वतःच चोर आन् स्वतःच पोलीस?"

"एकट्याच्या खेळात दुसरं कोण असणार?"

ह्यावरनं आपण किती भांडलो. फासा ताटाखाली जाऊ दे, कपाटाखाली जाऊ दे, तुमचं एकच. पडला तो पडला. मी ब्लाऊज शिवणारी बाई. कापड एका बाजूला अर्धा इंच कमी आलं तर दुसरीकडनं ओढून शिवणीत घेते आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागू देत नाही. मी म्हटलं, ह्याला फसवणूक म्हणत नाहीत, ह्याला संसार म्हणतात. तुम्ही चष्म्यावरनं बघून म्हणालात, "ठाऊक हाय. एकतीस वर्षं त्याच शिवणीत राहतोय मी." आणि हसलात. माझी सगळी पेपर कटिंग तुमच्या हातची, बाही, गळा, कटोरी, सगळ्यांवर तुमचं ते छापल्यासारखं अक्षर. दुसऱ्या बायका नवऱ्याकडं साडी मागतात, मी कागद मागायचे, आणि तुम्ही ऑफिसातनं दमून आला तरी पट्टी घेऊन बसायचा. हे कधी बोलून दाखवलं नाही मी. आता दाखवतेय.

मग ते दुखणं निघालं. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय म्हणाले. डॉक्टर तरुण होता, खुर्ची ओढून बसला आणि सरळ बोलला. "काका, ऑपरेशन मोठं आहे, टेबलावर काहीही होऊ शकतं. नाही केलं तर घरी जाऊ शकता, पण ती कधी फुटेल हे मी सांगू शकत नाही. उद्या फुटेल, नाहीतर दोन वर्षं काही होणार नाही. ठरवायचं तुम्ही." सहीचा कागद उशाशी ठेवला आणि गेला.

तुम्ही दवाखान्यातच चार दिवस ठरवत बसलात. चार दिवस! तुम्ही खोकलात की माझा हात तुमच्या छातीवर. कुशीवर वळलात की मी उठून उभी. संडासात जास्त वेळ लागला की दार ठोठावायची, आणि तुम्ही आतनं वैतागून ओरडायचा, "जित्ता हाय!" तेजू जयसिंगपूरहून रोज फोन करायची. तिच्या शाळेत पोरांच्या परीक्षा सुरू, तिला शनिवारशिवाय सुटता येत नव्हतं. "मम्मी, मी येईपर्यंत सही करू देऊ नकोस. रिपोर्ट पुण्याला दाखवू, दुसऱ्या डॉक्टरचं ऐकू, मग काय ते." मी बरं म्हटलं. तिला बरं म्हटलं आणि मनात म्हटलं, शनिवारपर्यंत ही फुगलेली नळी थांबणार आहे का?

आणि तुम्ही? तुम्ही जेवणाच्या त्या सरकत्या टेबलावर भुयार पसरून बसलेला. म्हादबा एक्केचाळिसावा. अकरा खोल्या झाल्या होत्या, एवढ्या लांब कुठलाच म्हादबा गेला नव्हता. पुढं एक लोखंडी दार होतं. "एकच जीव शिल्लक हाय गड्याचा," तुम्ही मला सांगितलंत. मी मोसंबं सोलत होते. गुरुवार, दुपारचे तीन असतील. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा डोळा लागला होता.

"ह्या दारातनं म्हादबा पलीकडं गेला तर सही करतो," तुम्ही म्हणालात.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा सालं हातातनं खाली पडली. "काय बोलताय? जिवाचा निकाल फाशावर लावताय व्हय?"

"हळू बोल. मानसं झोपल्यात."

"आन् न्हाई गेला तर?"

तुम्ही मुठीत फासा खुळखुळवलात आणि टाकलात. तो टेबलावर उडाला, पाण्याच्या बाटलीला थडकला आणि खाली. तुमच्या हाताला सलाईन, तुम्हाला वाकता येईना. "बघ, किती पडलाय," म्हणालात. "उचलू नगं, आधी बघ."

मी गुडघ्यावर बसून खाटेखाली डोकं घातलं. फासा चाकाजवळ होता. दोन.

अहो, मी तिथं खाली किती वेळ होते? तुम्हाला दोन क्षण वाटले असतील. मला दिसत होतं पुढचं सगळं. म्हादबा मेला म्हणून तुम्ही कागद बाजूला सारणार, चला घरी म्हणणार, आणि मी त्या घरात तुमच्या प्रत्येक खोकल्याला उठून बसणार, आज का उद्या, आज का उद्या. मला ते झेपणार नव्हतं. तुमच्यासाठी खोटं बोलले असं आजवर स्वतःला सांगितलं. नाही. मी माझ्यासाठी बोलले. मला भीतीपासनं सुटका पाहिजे होती.

"किती गं?"

"सहा."

फासा मुठीत घेऊनच वर आले. चारनंही चाललं असतं हे नंतर कळलं, पण खोटं बोलायचं तर हात आखडता कशाला, म्हणून सहा!

"सहा?"

"व्हय. सहा."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग पेन घेतलंत, दारापलीकडं बारावी खोली काढलीत, तिच्यात वर जाणाऱ्या पायऱ्या, आणि बाजूला बारीक अक्षरात सहा. मग म्हणालात, "तो कागद दे." सही केलीत. तुमची ती लांबलचक सही, खाली दोन रेघा मारून.

शुक्रवारी सकाळी तुम्हाला आत नेलं. शनिवारी तेजू आली तेव्हा तुम्ही काचेपलीकडं होता, नळ्यांत. रविवारी संपलं. तुम्ही पुन्हा एक शब्द बोलला नाहीत.

मग माणसं सुरू झाली. थोरले भावजी कोडोलीहून आले, अंगणात खुर्चीवर बसून प्रत्येकाला तेच सांगत होते. "आबानं सोता ठरवलं बघा पावणं. कुणाच्या भरीला पडून न्हाय. सोता सही केली आन् गेला." माणसं माना डोलवायची, मी आत चहा गाळत राहायची. तेजूनं तर त्याचाच आधार धरला होता. रक्षाविसर्जन करून पंचगंगेवरनं आलो तेव्हा रिक्षात माझा हात धरून म्हणाली, "पप्पा माझ्यासाठी दोन दिवस थांबले नाहीत ह्याचा मला राग येतो, मम्मी. पण त्यांना स्वतःला पटलं होतं ना? तेवढ्यावरच मी उभी आहे." मी रिक्षाबाहेर बघत बसले. लेकीच्या पायाखाली मी घातलेली फळी होती, आणि ती कुजकी आहे हे एकट्या मला ठाऊक.

ठरवलं होतं, नाही सांगायचं. गेलेला माणूस गेला, पोरीला कशाला पोळवा. तेरावा झाला, पाहुणे पांगले, मला वाटलं निभावलं. दुसऱ्या दिवशी तेजू बाजारात जाऊन आली आणि पिशवीतनं काढून काय दाखवावं? तुमचं ते भुयार. काच लावून, काळ्या चौकटीत.

"पप्पांचा शेवटचा नकाशा," म्हणाली. "फोटोच्या शेजारी लावू." खिळा ठोकला, टांगला, मागं सरून बघितलं. "ही बघ, ही शेवटची खोली. सहा पडल्यावर काढलेली. कसल्या सुंदर पायऱ्या काढल्यात गं."

अहो, रोज सकाळ-संध्याकाळ त्या सहाला उदबत्ती ओवाळायची? मी म्हटलं, "काढ तो खाली."

"का?"

"काढ म्हणते न्हवं!"

माझा आवाज ऐकून ती घाबरली. मग मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, खाटेखालचं सगळं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर एवढंच विचारलं, "किती पडला होता?"

"दोन."

"दोनला काय होतं?"

"म्हादबा मरतो. एकच जीव होता."

"कुणी सांगितलं तुला?"

कुणीच नाही. तुम्ही सांगितलं नव्हतं, आणि मी तुमच्या खेळाला नावं ठेवण्यात इतकी वर्षं घालवली पण नियमाचं पान एकदा वाचलं नव्हतं. तेजूनं तुमच्या फायलीतनं ते पान काढलं. बोट फिरवत खाली आली, थांबली आणि वाचलं. "लोखंडी दार. चार ते सहा, दार उघडतं. एक ते तीन, दार उघडत नाही. आल्या वाटेनं परत फिरा."

मी खाली बसले.

"मरत नव्हता, मम्मी," ती म्हणाली. "परत यायचं होतं फक्त. घरी."

तिनं बॅग भरली. मी अडवलं नाही. दारात चपला घालताना म्हटलं, "जेवून तरी जा." ती एसटी स्टँडला गेली. आठवडाभर फोन नाही. मी केले ते उचलले नाहीत.

त्या आठवड्यात मी तुमच्याशी कडाकडा भांडले, तुम्हाला ऐकू आलं असेल तर. तुमच्यावरही राग आहे माझा, का नसावा? फाशाला विचारलंत, मला का नाही विचारलंत? चार दिवस मी तुमच्या पायथ्याशी बसले होते. "तुला काय वाटतं गं?" एवढे चार शब्द. मी सरळ सांगितलं असतं, मला लई भ्या वाटतंय ओ, काय ते कापून टाका. तुम्ही नाही म्हणाला असता, मी रडले असते, आपण भांडलो असतो, आणि जे ठरलं असतं ते दोघांचं असतं. विचारलं नाहीत म्हणून मला फाशाच्या तोंडनं बोलावं लागलं. हे माझं समर्थन नाही. पण तुम्हाला ऐकावं लागेल.

आणि ते बघणं तुमचं. "सहा?" म्हणून माझ्याकडं बघितलंत ते. आंबट दह्याला ताजं म्हणाले तरी तुम्हाला माझ्या आवाजावरनं कळायचं. मग हे कळलं नसेल? कळूनही सही केली असेल, तर माझी भीती बघून केलीत. कळलं नसेल, तर मी तुम्हाला फसवून तिकडं पाठवलं. रात्रंदिवस हेच घोळतंय डोक्यात. ह्यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगू शकला असता. तुमच्या त्या 'हं'वरनंसुद्धा मला कळलं असतं.

काल रविवार. दुपारी मी बिनभाजीची भाकरी पुढं घेऊन बसले होते आणि दार वाजलं. तेजू. हातात भडंगाची पिशवी, डोळे सुजलेले. सरळ भिंतीकडं गेली, चौकट उतरवली, मागच्या टाचण्या उचकटल्या आणि तुमचा कागद माझ्या कटिंगच्या टेबलावर पसरला.

"दोन पडला होता ना?"

"व्हय."

"मग दोनच धरायचा." तिनं पेननं बाराव्या खोलीवर एक तिरकी रेघ मारली. माझ्या काळजावर मारल्यागत झालं. "आता त्याला परत आणायचं. नियम वाचलाय मी. येताना प्रत्येक खोलीत एकदा फासा. दोनपासनं पुढं काहीही पडलं तर निघाला. एक पडला तर वार बसतो."

"आन् त्याचा एकच जीव हाय."

"हो."

"मग नको गं पोरी. राहू दे तिथंच."

"मम्मी, टाक." ती कागद मांडीवर घेऊन खुर्ची फिरवून बसली, टेबलाकडं पाठ. "मी बघणार नाही. तू सांगायचं, मी लिहिणार."

फासा टाकला. पाच. "पाच," म्हटलं. तिनं अकराव्या खोलीत पाच लिहिला. दहावीत तीन. नवव्या खोलीत तुम्ही विहीर काढली होती, काठावर घागर, तिथं चार पडला. आठवीत सहा पडला आणि मला तो आकडा उच्चारायची लाज वाटली. कसा विश्वास ठेवणार ही? "सहा," मी म्हटलं, "देवाशप्पथ." तिनं लिहिलं. सातवी, सहावी, पाचवी. दोन, पाच, दोन. चौथीतनंही निघाला. आता तीनच खोल्या राहिल्या होत्या. तिच्या खांद्यावरनं भुयाराचं तोंड दिसत होतं, तिथं तुम्ही म्हादबाच्या चपला काढून ठेवल्या होत्या, अंगठ्याच्या, हुबेहूब. ह्या चपला मी आजवर बघितल्याच नव्हत्या. मला वाटायला लागलं, येतोय हा. येतोय घरी.

टाकला. फासा कापडाच्या तुकड्यांवरनं गडगडत गेला आणि कात्रीला टेकून थांबला.

एक.

तेजूची पाठ माझ्याकडं. माझं बोट फाशापासनं वीतभर. नुसतं नख लावलं असतं तरी कलंडला असता, तुमचा म्हादबा चपला घालून बाहेर आला असता, आणि आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो असतो. अहो, इतकं सोपं होतं. पुन्हा तितकंच सोपं होतं.

"किती?" तेजूनं विचारलं.

मला तुमची आठवण आली, भयंकर आली.

"एक," मी म्हटलं.

तिचं पेन थांबलं. ती वळेल, बघेल, असं मला वाटलं. ती वळली नाही. तिसऱ्या खोलीत तिनं एक लिहिला.